दक्षिणेचं दार

आमच्या घराचं दार दक्षिणेला उघडतं. हे वाक्य मी दिल्लीत इतक्या लोकांना सांगितलंय की पुढे समोरच्याचा चेहरा कसा बदलणार ते मला पाठ झालंय. आधी भुवया वर जातात, मग आवाज खाली येतो, आणि घरात कोणी आजारी असल्यासारखी चौकशी होते, "अच्छा... फिर कुछ करवाया नहीं?" मी म्हणते, "करवाया ना. पेंट करवाया."

दिल्लीत 'साउथ' हा शब्द माणसं दोन अगदी वेगळ्या आवाजांत उच्चारतात. राहण्याचा विषय निघाला की आवाज भरदार होतो. "हम तो साउथ में रहते हैं," असं म्हणणारा माणूस पत्ता सांगत नसतो, पदवी सांगत असतो. आम्ही मयूर विहारचे, म्हणजे यमुनेपलीकडचे. आम्हाला "अच्छा, जमनापार" एवढीच सहानुभूती मिळते. पण तोच माणूस घर घ्यायला निघाला की दलाल त्याला आधी शपथेवर सांगतो की दार साउथला नाही. शहराच्या नकाशात जो शब्द मिरवायचा, तोच दाराशी आला की तोंड फिरवायचं. शिवाय आम्हा मराठी लोकांच्या वाट्याला त्याचा तिसरा उपयोग येतो. मी मंत्रालयात रुजू झाले त्या दिवशी मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "आप साउथ से हैं?" मी त्यांना महाराष्ट्र, विदर्भ, देशाचा मधला भाग असा सगळा भूगोल समजावत बसले. बाबांना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला आणि ते दर वेळी एवढंच म्हणायचे, "जी हाँ, दक्षिण से." दुरुस्ती नाही, खुलासा नाही. उलट छाती किंचित पुढे यायची. मला त्याचं नवल वाटायचं, कारण गावाकडची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली.

बाबांचं गाव अमरावती जिल्ह्यातलं. गावाच्या दक्षिणेला, ओढ्यापलीकडे, आमच्या लोकांची वस्ती होती. ती तिकडेच का, हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. गावातले लोक वस्तीतल्या माणसाचं नाव घेत नसत. "दक्षिणेकडच्याला बोलवा", "दक्षिणेकडचे आले का", "दक्षिणेकडच्यांना शेवटी वाढा". माझ्या आजोबांना चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण म्हातारे होईपर्यंत गावात ते फारसं कोणाच्या तोंडी आलं नाही. बाबा शाळेत होते तेव्हा गुरुजींनी एकदा सगळ्या वर्गाला बाहेर आणून दिशा शिकवल्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर. "आता दक्षिण कुठे, दाखवा," असं गुरुजी म्हणाले, आणि पोरांनी ओढा नाही, बाभळी नाहीत, बाबांकडे बोट केलं. गुरुजी हसले. बाबा घरी आले आणि त्यांनी आजीला विचारलं, "आपण दक्षिण आहोत का?" आजी काय म्हणाली ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते उठून पाणी प्यायला गेले.

आता हे दार कसं मिळालं ते सांगते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, आई इथेच एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि पुढे सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आईला कोणी नुसतं 'मिसेस' म्हटलेलं आवडत नाही. सरकारी नोकरांनी मिळून सोसायटी काढली, इमारती उभ्या राहिल्या, आणि एका रविवारी मांडव घालून चिठ्ठ्या काढल्या. आमच्या जिन्यात दर मजल्यावर दोन घरं. एकाचं दार पूर्वेला, जिन्याकडे उघडतं. दुसऱ्याचं दक्षिणेला, बाहेरच्या उघड्या गॅलरीत. बाबांच्या चिठ्ठीत तिसऱ्या मजल्यावरचं पूर्वेचं घर निघालं. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना त्याच मजल्यावरचं दक्षिणेचं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची नवी नवरी, म्हणजे आजच्या आमच्या समोरच्या आंटी, ओढणीने डोळे टिपायला लागल्या. सासूने त्यांना निघताना बजावलं होतं की काहीही मिळो, दक्षिण नको. बाबांनी हातातली चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाले, "बदल लीजिए."

त्या गृहस्थांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. आईला वाटलं याला वेड लागलंय. ते दोघं रोहतककडचे, ना ओळख ना पाळख, आणि आमचा माणूस हातात आलेलं घर देऊन मोकळा. मांडवातच दोघांची जुंपली. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, त्यामुळे माझी साक्ष उपयोगाची नाही, पण आई सांगते की तिने बाबांना विचारलं, "एवढे दानशूर कधीपासून झालात?" त्यावर बाबा म्हणाले, "मी त्यांना पूर्व दिली नाही. मी दक्षिण घेतली."

हे वाक्य आईला त्या दिवशी मुळीच पटलं नव्हतं. मुहूर्त, रास, शुभ-अशुभ दिशा यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं हा आमच्या घरचा नियम आहे. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर आहे, ती सजावट म्हणून लावलेली नाही. आईचं भांडण दिशेशी नव्हतंच, न विचारता केलेल्या अदलाबदलीशी होतं. पुढे वर्षभर नळ गळला, फ्यूज उडाला, दूध नासलं की शेजारपाजारचे दक्षिणेला दोष द्यायचे आणि आई बाबांना.

मग पहिला हिवाळा आला. दिल्लीच्या थंडीत जे राहिलेत त्यांना सांगायला नको की जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कलून चालतो आणि ऊन फक्त दक्षिणेकडच्या घरात येतं. पूर्वेच्या घरांत सकाळी थोडा वेळ उजेड आणि मग दिवसभर बर्फाचं कपाट. आमच्या गॅलरीत मात्र दहा वाजता जे ऊन यायचं ते पाठ शेकून, केस वाळवून, लोणच्याच्या बरण्या तापवून चारच्या पुढे परत जायचं. पहिल्यांदा समोरच्या आंटी आल्या, ओल्या केसांनी, दारातच घुटमळत. मग वरच्या मजल्यावरची मंडळी. मग खालचे साहेब म्हणजे तळमजल्यावरचे, एका खात्यातले मोठे अधिकारी, त्यांच्या आईला धरून धरून वर घेऊन आले, कारण डॉक्टरांनी तिला उन्हात बसवायला सांगितलं होतं आणि तळमजल्याला गॅलरी नव्हती. चटया आल्या, शेंगदाणे आले, तिळाचं गजक आलं, विणकामाच्या सुया आल्या. दर हिवाळ्यात आमच्या दारासमोर अख्खा जिना ऊन खात बसायचा. आई कचेरीतून रजा घेतलेल्या दिवशी चहाची किटली घेऊन मधून फिरायची आणि तिच्या चालण्यात असा तोरा असायचा की सोसायटीची मालकीण हीच. बाबा आतून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय मग, बदलून घ्यायचं का परत?" आईने किटली आपटली, पण हसली.

गंमत अशी की उन्हाला यायला कोणाची ना नव्हती, पण नावाला मात्र सगळ्यांची होती. आमच्याच रांगेतली, वरची-खालची दक्षिणेची घरं हळूहळू सावध झाली. एकाने दारावर आरसा लावला, एकाने पाच तोंडांच्या मारुतीची तसबीर. तळमजल्यावरच्या साहेबांनी तर भिंत फोडून दारच पूर्वेला नेलं आणि जुन्या दाराच्या जागी खिडकी बसवली. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "पार्क की तरफ़ वाला", "धूप वाली साइड". साउथ हा शब्द कोणी तोंडातून काढायचं नाही. आमच्या दारावर फक्त दोघांच्या नावाची पाटी. तीही आईचं नाव वर, कारण तिची बढती आधी झाली होती.

बाबा गेले तेव्हा आरशावाल्यांना बोलायला जागा मिळाली. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, पण जिन्यात बोलणं थांबायचं. माझा धाकटा भाऊ फरीदाबादला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. त्याने स्वतःचं घर घेताना पूर्वेचंच बघून घेतलं. "रीसेलला बरं पडतं" असं म्हणाला आणि नजर चुकवली. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारावर प्लास्टिकचा एक छोटा पिरॅमिड चिकटवून गेला. कारखान्यात सगळे लावतात म्हणे. आईने तो झाडूच्या दांड्याने पाडला, धुतला, आणि स्वयंपाकघरात त्यात लसूण ठेवायला लागली. पुढच्या खेपेला भावाने पाहिला. आणि लसूण मागून घेऊन गेला.

निवृत्तीनंतर आईचा एक उद्योग होता. दर रविवारी सकाळी पार्कामागच्या छोट्या बुद्धविहारात ती मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवायची. इथे वाढलेली मुलं, घरात "आई, चलो ना यार" असं बोलणारी. नैर्ऋत्य, आग्नेय हे शब्द ऐकले की त्यांना हसू फुटायचं. आई त्यांना अंगणात उभं करून दिशा शिकवायची, आणि तिचा एक नियम होता. दिशा दाखवताना माणसाकडे बोट करायचं नाही. झाड दाखवा, सूर्य दाखवा, पाण्याची टाकी दाखवा. मुलांना वाटायचं ही शिस्तीची बाब आहे. नियम कुठून आला ते तिने कधी सांगितलं नाही. तो वर्ग म्हणजे तिचा आठवडा होता. शनिवारी साडीला इस्त्री, रविवारी परतल्यावर कोण काय बोललं त्याची नक्कल, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारची तयारी.

मग गुडघ्यांनी दगा दिला. तीन मजले उतरणं म्हणजे तिला घाम फुटायचा, चढणं तर नकोच. काही आठवडे मुलंच वर आली, पण मग परीक्षा, ट्यूशन, क्रिकेट, येणं थांबलं. आई तिसऱ्या मजल्यावर अडकली. रविवारी सकाळी ती गॅलरीत उभी राहून पार्काच्या बाजूला बघायची आणि मी आले की आत वळायची, जणू काही भाजीवाल्याची वाट बघत होती. तिच्या इस्त्रीच्या साड्या कपाटात तशाच राहिल्या. ते बघून माझ्या जिवाला जे लागायचं ते मी तिला बोलून दाखवलं नाही. तिने ते खपवून घेतलं नसतं.

म्हणून सोसायटीत जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडायचं ठरलं तेव्हा मी पेढे आणले. आमच्या जिन्याला लिफ्ट म्हणजे आईला तिचा रविवार परत. माप घ्यायला आलेल्या इंजिनीअरने चारी बाजू बघितल्या. मागे गटाराची लाइन, एका बाजूला आगीच्या गाडीचा रस्ता. जागा फक्त दक्षिणेला, आमच्या गॅलरीला लागून. खाली लिफ्टचं तोंड दक्षिणेला, आणि वर ती प्रत्येक मजल्यावर दक्षिणेच्या दारासमोर थांबणार. जिन्यातल्या सगळ्या घरांच्या सह्या लागणार होत्या.

खालच्या साहेबांनी सही अडवून धरली. ते आता निवृत्त आहेत आणि नोकरीतला सगळा वेळ वास्तूला देतात. त्यांचं म्हणणं असं की एक वेळ लिफ्ट दक्षिणेला चालेल, पण लिफ्टच्या समोर दारही दक्षिणेचं, हे अख्ख्या जिन्याला बाधेल. वरच्या-खालच्यांनी आरसे, तसबिरी लावून आपापली सोय केलेली. उघडंवाघडं दार उरलं ते आमचं. आम्ही ते बुजवून जिन्याकडे, पूर्वेला काढलं की ते सही करणार. बाकीचे लोक वाईट नव्हते, नुसते कंटाळले होते. "आंटी, करवा लीजिए ना, दो दिन का काम है," असं जो तो म्हणू लागला.

भाऊ फरीदाबादहून धावत आला. "आई, दार हलवू. काय बिघडतं? आपला विश्वास नाही ना दिशांवर? मग पूर्व काय आणि दक्षिण काय, सारखंच." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. मीही गप्प राहिले, कारण माझ्या डोळ्यांपुढे तिच्या साड्या होत्या. आईने चष्मा काढून पुसला. "सारखंच आहे ना? मग त्यांना सांग, सारखंच आहे म्हणून. मला कशाला सांगतोस?" भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू तरी समजाव." मी म्हटलं, "तू लसूण ने."

आईला उतरता येत नव्हतं म्हणून जिन्याची बैठक आमच्याच घरी भरली. मी कांदेपोहे केले. लोक यायच्या आधी मी आईला म्हटलं, चिठ्ठीची गोष्ट सांगून टाकू या का, एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद होतील. आई माझ्यावर डाफरली. "खबरदार. केलेलं बोलून दाखवायचं नाही. बाबांनी सांगितलं असतं का?" समोरच्या आंटी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. त्यांचे मिस्टर बाबांच्या आधीच वारले होते. आमच्या घराबाहेर चिठ्ठीची गोष्ट माहीत असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि इतकी वर्षं मूग गिळून होत्या.

साहेबांनी आवाज मऊ करून सुरुवात केली. "भाभीजी, हम भी चाहते हैं कि आपको आराम मिले. बस, दरवाज़ा ईस्ट में कर लीजिए."

"दरवाज़ा नहीं हटेगा," आई म्हणाली.

"तो फिर लिफ्ट नहीं लग पाएगी."

"मत लगाइए."

माझ्या हातातली पोह्यांची बशी कलंडायची बाकी होती. त्या खोलीत लिफ्टची सगळ्यात जास्त गरज जिला होती, ती बाई ताठ बसून लिफ्ट नको म्हणत होती. गुडघ्यावर हात होता, पण मान अशी की समोर फायलींचा ढीग आहे आणि हाताखालच्यांनी चूक केली आहे. मला राग आला, आणि त्याच क्षणी तिचा अभिमानही वाटला.

मग ती बोलली. कचेरीतली तिची हिंदी, एकेक शब्द वेगळा ठेवलेला. "आप सब अभी इसी दरवाज़े से अंदर आए हैं. हर जनवरी में आते हैं. धूप दक्षिण की चाहिए, नाम दक्षिण का नहीं चाहिए?" तिने साहेबांकडे पाहिलं. "आपकी माताजी ने अपना आख़िरी जाड़ा यहीं, इसी दहलीज़ के सामने काटा. मैं उनके बालों में तेल लगाती थी. उन्होंने तो कभी नहीं कहा कि दिशा ख़राब है."

साहेब बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिले. आणि तेव्हा कोपऱ्यातून आंटींचा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "यह दरवाज़ा मेरा था," त्या म्हणाल्या. "चिट्ठी में यह घर हमारे नाम निकला था. मैं रो पड़ी थी. भाई साहब ने अपना ईस्ट वाला हमको दे दिया. हमने ले लिया और आज तक किसी को बताया नहीं, शर्म आती थी. अब यह दरवाज़ा बुरा है, तो मेरा बुरा इन लोगों ने सारी उम्र सँभाला. और बुरा नहीं है, तो यह मीटिंग किस बात की है?"

मला वाटलं आता आई उठून आंटींना मिठी मारेल. मारली नाही. तिने तक्रार नोंदवावी तसं म्हटलं, "एक बात ठीक कर लीजिए. उन्होंने दिया नहीं था. लिया था. फ़र्क है."

आंटींनी मान हलवली. "हाँ जी. लिया था."

साहेब पोहे न खाता उठून गेले. सिनेमात माणसं जागच्या जागी बदलतात. आमच्या जिन्यात तसं होत नाही. पण काही दिवसांनी सही केलेला कागद गार्डच्या हाती वर आला. अट फक्त एक, लिफ्टमध्ये समोर आरसा हवा. मी तावातावाने खाली निघाले होते. आईने थांबवलं. "असू दे की. मला पदर नीट करायला होईल."

लिफ्ट झाली. गॅलरीतलं निम्मं ऊन तिने खाल्लं, आणि आईने ते कुरकुर न करता जाऊ दिलं. पहिल्या दिवशी कोणी नारळ फोडला, कोणी हार घातला. आई त्यात पडली नाही, पण पहिलं बटण तिनेच दाबावं असा आंटींनी हट्ट धरला. दोघी एकमेकींचा हात धरून आत गेल्या. मी जिन्याने धावत खाली पोचले. दार उघडलं तर तळमजल्यावर समोरून ऊन सरळ आत, दोघींच्या तोंडावर. दोघींनी डोळे मिटून घेतले आणि तिथेच उभ्या राहिल्या, मागून लोक लिफ्टला खोळंबले तरी.

आता सगळ्यांना दक्षिणेनेच यावं-जावं लागतं, त्यामुळे जो शब्द जिन्यात कोणी उच्चारत नव्हतं तो दिवसभर कानी पडतो. सिलिंडरवाला, कुरिअरवाला, पाहुणे, सगळ्यांना फोनवर मोठमोठ्याने सांगितलं जातं, "साउथ वाली साइड से आना भैया, लिफ्ट उधर ही है." खालच्या साहेबांनाही मी सांगताना ऐकलंय. आई गॅलरीत बसून ऐकते. घराचं दार उघडंच ठेव म्हणते मला, हवा येऊ दे. हवा कसली, तिला ऐकायचं असतं.

आणि पहिला रविवार. इस्त्रीची साडी, पिशवीत खडू, आरशात पदर नीट केलेला. मी तिला धरून गेटकडे नेत होते. आमचा गार्ड पन्नाशीचा, मिशीवाला माणूस; आईला लांबून येताना बघून तो रस्त्यावर धावला आणि निघालेल्या ई-रिक्षाला हात दाखवत ओरडला, "अरे रुको, रुको! साउथ वाली आंटी आ रही हैं!"

मी चिडले. आजोबा आठवले, ओढा आठवला, बाबांकडे वळलेली बोटं आठवली. आईला स्वतःचं नाव आहे, दारावर पाटी आहे, हे त्या गार्डला सुनावायला मी तोंड उघडलंच होतं. आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही हेच म्हणायचे. पण त्यांच्यासाठी कोणी कधी गाडी थांबवली नव्हती."

ती रिक्षात चढली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मला म्हणाली, "सरक, मुलं वाट बघत असतील."